डॉ. सुनीती सॉलोमन : लक्षणांआधी विषाणू शोधणाऱ्या संशोधक

वनस्पती-विषाणूंवर काम करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत एलायझा चाचणीची प्लेट हमखास दिसते. प्लास्टिकच्या एका पट्टीत शहाण्णव खळगे, प्रत्येकात एखाद्या पानाचा अर्क, आणि अखेरीस रसायन टाकल्यावर काही खळग्यांत उमटणारा पिवळा रंग. पिवळा रंग म्हणजे विषाणू आहे. ही पद्धत १९७१ साली स्वीडनमधील एंग्वाल आणि पर्लमन यांनी मांडली. १९७७ मध्ये क्लार्क आणि अ‍ॅडम्स यांनी ती वनस्पती-विषाणूंच्या निदानासाठी वापरून दाखवली आणि तेव्हापासून ती कृषी संशोधनाच्या रोजच्या व्यवहारातली झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अशाच एका चाचणीत सहा नमुने पिवळे झाले. त्या खळग्यांत पानांचा अर्क नव्हता, चेन्नईतील स्त्रियांचे रक्तजल होते. एड्सचा विषाणू भारतात येऊन पोहोचला आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

हे नमुने ज्यांच्या आग्रहामुळे गोळा झाले त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. त्यांचे शिक्षण आणि जवळजवळ सारे संशोधन चेन्नईत झाले. महाराष्ट्रात त्यांचे नाव वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे घेतले जात नाही. कृषी वार्तापत्रात त्यांच्यावर लिहावे असे मला वाटले त्याला दोन कारणे आहेत. एक तर रोगाचे सर्वेक्षण कसे करावे याचा इतका स्वच्छ दाखला आपल्या देशात क्वचितच सापडतो. दुसरे कारण असे की, सर्वेक्षणातून जे कळते त्याचे ओझे पुढे कोणी वाहायचे, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत टाळता येत नाही आणि त्यांनीही तो टाळला नाही.

मद्रासमधील मराठी घर

तेव्हाच्या मद्रास शहरात चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका मराठी कुटुंबात १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत त्या सातव्या आणि एकुलती एक मुलगी. लस टोचण्यासाठी दरवर्षी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे वैद्यकाची ओढ लागली, असे त्या पुढे सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण झाले. पती डॉ. व्हिक्टर सॉलोमन हे हृदयशल्यविशारद. १९७३ मध्ये दोघेही भारतात परतले. आपली गरज येथे अधिक आहे, ही सुनीतीबाईंची त्यामागची भावना होती. त्यानंतर त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि मद्रास मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत अध्यापन सुरू केले. पुढे त्या तेथेच प्राध्यापक झाल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू वेगळा करण्यात आला. मार्च १९८५ मध्ये रक्तचाचणीला अमेरिकेत परवानगी मिळाली. सरकारी महाविद्यालयातील या प्राध्यापिका हे सारे वाङ्मय बारकाईने वाचत होत्या. त्या काळी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी होती की, हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, भारतीय समाजात त्याला थारा मिळणार नाही. त्यातच मुंबईत काही लोकांच्या चाचण्या होऊन गेल्या होत्या, नमुने पुण्यात तपासले गेले होते आणि त्यांत एकही बाधित निघाला नव्हता. मग मद्रासमध्ये शोधून काय सापडणार?

कीटकशास्त्रात या प्रश्नाला एक नेहमीचे उत्तर आहे : आढळली नाही याचा अर्थ नाही असा होत नाही, तुम्ही कोठे आणि किती शोधले यावर ते ठरते. एचआयव्हीच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी होती. संसर्ग झाल्यापासून एड्सची लक्षणे दिसेपर्यंत बहुधा आठ-दहा वर्षे जातात. रुग्ण दिसेपर्यंत थांबायचे ठरवले तर तोवर विषाणू दशकभर निर्वेध पसरलेला असतो. नागपुरी संत्र्याच्या बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. ग्रीनिंगचा जिवाणू शिरलेले झाड बराच काळ निरोगी दिसते, आणि त्याच झाडावरून काढलेले डोळे शेकडो कलमांवर चढतात. म्हणूनच मातृवृक्ष हिरवागार असला तरी त्याची तपासणी करतात. सुनीतीबाईंनी ठरवले तेही हेच. आजारी माणसे शोधण्याऐवजी, ज्यांना संसर्गाची शक्यता अधिक अशा वरकरणी निरोगी व्यक्तींचे रक्त तपासायचे.

स्कूटर, फ्रीज आणि कटपाडीची गाडी

हे काम त्यांनी आपल्या विभागातील सेल्लप्पन निर्मला या ३२ वर्षांच्या विद्यार्थिनीकडे प्रबंधाचा विषय म्हणून सोपवले. निर्मला लहान गावातून आलेल्या, परंपरानिष्ठ घरातल्या, दोन लहान मुलांची आई. त्यांनी आधी नकारच दिला. पती वीरप्पन रामामूर्ती यांनी मन वळवले तेव्हा त्या तयार झाल्या. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष आणि आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी अशा गटांतून दोनशे नमुने मिळवायचे उद्दिष्ट होते.

मद्रासमध्ये मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी ठरावीक वस्ती नव्हती. तेव्हा या स्त्रिया शोधायच्या कोठे? निर्मला सरकारी रुग्णालयात गुप्तरोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या स्त्रियांशी बोलू लागल्या. त्यांतील काहींशी ओळख वाढल्यावर कळले की, पोलिसांनी पकडलेल्या अनेक स्त्रियांना 'व्हिजिलन्स होम' या सरकारी सुधारगृहात ठेवतात. मग रामामूर्ती रोज सकाळी पत्नीला स्कूटरवर बसवून तेथे सोडू लागले. हातमोजे नव्हते, सुरक्षेची कसलीही साधने नव्हती. तीन महिन्यांत ऐंशीहून अधिक नमुने जमले. सुनीतीबाईंच्या मदतीने उभारलेल्या एका तात्पुरत्या प्रयोगशाळेत रक्तातून रक्तजल वेगळे केले जाई, आणि साठवणीची दुसरी सोय नसल्याने ते निर्मला यांच्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवले जाई. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पाच्या प्रस्तावात उपकरणांची यादी पाच पाने भरते. या प्रकल्पाची सामग्री एवढीच होती.

एलायझाची सोय मद्रासमध्ये नव्हती. सुमारे १४० किलोमीटरवरील वेल्लोरला डॉ. जेकब जॉन यांच्या विषाणुशास्त्र विभागात ती नुकतीच सुरू झाली होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या पेटीत नमुने ठेवून निर्मला आणि रामामूर्ती रात्रीच्या गाडीने कटपाडीला गेले. वेल्लोरच्या प्रयोगशाळेतील जॉर्ज बाबू आणि एरिक सिमोस यांच्यासोबत सकाळी साडेआठला चाचणी सुरू झाली. दुपारी वीज गेली म्हणून सगळे चहाला गेले. परतल्यावर झाकण उघडले तर सहा खळगे पिवळे.

पुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे वाटते. एलायझा ही संवेदनशील चाचणी आहे आणि संवेदनशील चाचणी कधी कधी नसलेलेही दाखवते. शंभरात एक-दोन बाधित असतील अशा गटात तर चुकीचे होकार खऱ्यांपेक्षा जास्त भरू शकतात. म्हणून त्या सहा स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले आणि सिमोस ते नमुने घेऊन अमेरिकेला गेले. तेथे वेस्टर्न ब्लॉट चाचणी झाली. या चाचणीत विषाणूची प्रथिने त्यांच्या रेणुभारानुसार वेगळी करून, रक्तातील प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटतात ते पाहतात. निष्कर्ष तोच निघाला. तोपर्यंत बाहेर शब्द नव्हता. मे १९८६ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री डॉ. एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत ही माहिती दिली. योगायोग असा की, याच महिन्यात आंतरराष्ट्रीय समितीने या विषाणूचे 'एचआयव्ही' हे नाव निश्चित केले. १९८७ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये सिमोस, बाबू, जॉन, निर्मला, सॉलोमन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या शीर्षकात मात्र विषाणूचे जुनेच नाव, एचटीएलव्ही-३, छापलेले होते.

बातमीने खळबळ उडाली. चाचण्याच चुकल्या असतील, असे अनेकांनी म्हटले. टीकेचा रोख विशेषतः सुनीतीबाईंवर होता, कारण त्या मराठी, म्हणजे बाहेरच्या. उत्तरेकडची एक बाई येऊन आम्हाला घाणेरडे ठरवते, असा लोकांचा संताप होता. मद्रासमध्ये जन्मून, तेथेच शिकून, परदेशातील संधी सोडून त्याच शहरात परत आलेल्या स्त्रीच्या वाट्याला हे यावे! प्रतिकूल निष्कर्ष नाकारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निष्कर्ष काढणाऱ्याचे गाव विचारणे. नव्या किडीची पहिली नोंद करणाऱ्यांनाही याचा थोडाफार प्रसाद मिळत असतोच.

कळले, पण कोणाला?

या शोधाची एक बाजू मला अस्वस्थ करते. आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे हे त्या स्त्रियांना सांगितले गेले नव्हते. नेहमीच्या गुप्तरोगाची तपासणी असेल, असे त्यांना वाटले. निर्मला यांनी नंतर हे मोकळेपणाने सांगितले आहे. १९८६ मध्ये तशी माहिती देऊन संमती घेण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नव्हती, हे खरे. पण ज्या स्त्रिया कोठडीवजा जागेत होत्या, ज्यांना 'नाही' म्हणण्याची सोयच नव्हती, त्यांच्या रक्तातून देशाला इशारा मिळाला, हेही तितकेच खरे. शिवाय त्या काळात उपचार नव्हते, त्यामुळे त्या ज्ञानाचा त्यांना स्वतःला काहीच उपयोग नव्हता. उलट झाले ते असे की, तमिळनाडूत बाधित आढळलेल्या स्त्रियांना शिक्षेची मुदत संपल्यावरही डांबून ठेवले जाऊ लागले. एका महिला पत्रकाराने मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९० मध्ये त्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. आज २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली आहे.

आम्ही कीटकशास्त्रज्ञ या बाबतीत सुखी. पानावरचा मावा मोजताना कोणाची परवानगी लागत नाही. तरीही एखाद्या गावचे पीक 'बाधित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले की त्या गावच्या मालाचा भाव पडतो. नमुना कोणाचा आणि परिणाम कोणावर, हा प्रश्न शेतातही सुटत नाही.

डास का नाही?

१९८० च्या दशकात एड्सविषयी जे भय पसरले त्यात डासांचा वाटा मोठा होता. डास रक्त पितो, एचआयव्ही रक्तात असतो, मग डास चावल्याने एड्स का होऊ नये? मलेरिया आणि हत्तीरोग ज्या शहरात घरोघरी ठाऊक, त्या मद्रासमध्ये ही शंका वावगी नव्हती. हा प्रांत आमचा असल्याने येथे थोडे थांबतो.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील बेल ग्लेड या डासांनी भरलेल्या गावात १९८५ च्या सुमारास एड्सचे प्रमाण असाधारण दिसले आणि काहींनी डासांवर बोट ठेवले. तपासणी झाली तेव्हा लहान मुले आणि वृद्ध यांच्यात संसर्ग आढळला नाही. डास वय पाहून चावत नाहीत. रोग जर केवळ लैंगिकदृष्ट्या सक्रिय वयोगटात असेल तर वाहक दुसरा आहे, हे या एका निरीक्षणाने स्पष्ट होते.

जीवशास्त्रीय कारणही तितकेच स्वच्छ आहे. कीटकाने विषाणू वाहून नेणे म्हणजे घाणेरड्या सुईने टोचणे नव्हे. डासाच्या सोंडेत रक्त ओढण्याची नळी वेगळी आणि लाळ सोडण्याची नळी वेगळी असते. चावताना तो आपली लाळ आत सोडतो, आधीच्या माणसाचे रक्त सोडत नाही. डेंग्यूचा विषाणू डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो, शरीरद्रवातून लाळग्रंथींत पोहोचतो, तेव्हा कोठे पुढच्या माणसाला लागण होते. एचआयव्हीला पेशीत शिरण्यासाठी सीडी-४ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेली पेशी लागते. डासाच्या आतड्यात तशी पेशीच नाही. तेव्हा रक्ताबरोबर तोही पचून जातो.

आपल्या भेंडीवरील केवडा रोगाशी ताडून पाहिले तर फरक ठसतो. पांढरी माशी रोगट पानाचा रस शोषते तेव्हा विषाणूचे कण तिच्या मध्य-आतड्याच्या भिंतीवरील विशिष्ट जागांना चिकटतात, भिंत ओलांडून शरीरद्रवात उतरतात, तेथे तिच्याच शरीरात राहणाऱ्या सहजीवी जिवाणूंच्या एका प्रथिनाचे संरक्षण मिळवतात आणि लाळग्रंथींतून दुसऱ्या झाडात जातात. लाखो वर्षांच्या सोयरिकीशिवाय हे जमत नाही. पपईवरील रिंगस्पॉट विषाणूचा मार्ग निराळा : मावा त्याला सोंडेच्या टोकावर काही मिनिटे मिरवतो, एवढेच. पण तेथेही विषाणूचे एक साहाय्यक प्रथिन त्याला सोंडेला चिकटवून ठेवते. एचआयव्हीची कोणत्याही कीटकाशी अशी ओळख नाही. माणूस माणसालाच देतो.

वडिलांच्या नावाचे केंद्र

विषाणू सापडला, शोधनिबंध छापून आला. अनेक संशोधक येथून पुढच्या विषयाकडे वळले असते. सुनीतीबाईंनी १९८८ ते १९९३ या काळात मद्रास मेडिकल कॉलेजात एड्स संसाधन गट चालवला आणि १९९३ मध्ये सरकारी नोकरीबाहेर पडून वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन केले. रुग्णालये बाधितांना दाराशी उभे करत नव्हती असा तो काळ. तरमणीच्या व्हीएचएस रुग्णालयाच्या आवारात वाढलेले हे केंद्र 'वायआरजी केअर' या नावाने ओळखले जाते. एका छताखाली समुपदेशन, उपचार, प्रयोगशाळा आणि संशोधन अशी त्याची रचना झाली.

या रचनेचा वैज्ञानिक लाभ मोठा होता. रुग्ण वर्षानुवर्षे तेथेच येत राहिल्याने दीर्घकालीन नोंदी जमल्या. त्यातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने रूढ समजुतीला धक्का दिला. दक्षिण भारतातील बाधित स्त्रियांपैकी बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीशिवाय दुसऱ्या कोणाशी त्यांचा संबंध आलेला नव्हता. म्हणजे त्यांच्यासाठी विवाह हीच जोखीम होती. 'जोखमीचे गट' या चौकटीतून सुरू झालेले संशोधन त्या चौकटीबाहेर पाहू शकले, कारण संशोधक रुग्णांसमोर रोज बसत होत्या. बाधित तरुण-तरुणींना एकमेकांशी विवाह करता यावा म्हणून त्या स्वतः स्थळे जुळवू लागल्या. वय, भाषा, जात, आहार यांच्या जोडीला सीडी-४ पेशींची संख्याही पाहायची अशी ती पत्रिका! एका विषाणुशास्त्रज्ञ बाईंच्या कपाटात विवाहेच्छुकांच्या याद्या असाव्यात, हे चित्र मला फार आवडते.

एका प्रथिनातील एक अक्षर

एचआयव्हीचा जनुकीय मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा, तोही आरएनएच्या स्वरूपात. पेशीत शिरल्यावर तो आपल्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराच्या साहाय्याने डीएनएत उतरतो आणि माणसाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. आपल्या प्रयोगशाळांत आरटी-पीसीआरसाठी वापरले जाते ते याच जातीचे विकर, टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये शोधलेले. वनस्पतींतही यजमानाच्या गुणसूत्रात शिरून बसलेले विषाणू सापडतात. केळीच्या काही जातींत स्ट्रीक विषाणूचा मजकूर मुळातच गुणसूत्रांत असतो आणि ऊतिसंवर्धनाच्या ताणाने तो जागा होऊ शकतो. तो बाल्बिसियाना या रानटी पूर्वजाकडून आलेल्या गुणसूत्रांत असतो, म्हणून जळगावच्या कॅव्हेंडिश गटातील केळीला ती धास्ती नाही.

एचआयव्हीचे हे विकर नक्कल करताना वारंवार चुका करते आणि त्या दुरुस्त करत नाही. त्यामुळे एकाच रुग्णात विषाणूची असंख्य रूपे नांदतात. भारतात उपप्रकार 'सी'चे प्राबल्य आहे, तर औषधांचे मूळ संशोधन बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील उपप्रकार 'बी'वर झालेले. येथील विषाणू औषधांना कसा प्रतिसाद देतो हे येथेच तपासणे भाग होते आणि चेन्नईच्या या प्रयोगशाळेने ते काम मोठ्या प्रमाणावर केले. २००१ मध्ये सिप्ला कंपनीने तीन औषधांचे मिश्रण दिवसाला सुमारे एका डॉलरमध्ये देऊ केले आणि १ एप्रिल २००४ पासून तमिळनाडू, महाराष्ट्र यांसह सहा राज्यांत सरकारी मोफत उपचार सुरू झाले. आता प्रश्न उरला तो प्रतिकारक्षमतेचा.

उदाहरण घ्यायचे तर लॅमिव्हुडिन या औषधाचे. विकराच्या १८४ व्या स्थानी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले की हे औषध निष्प्रभ होते. एका अमिनो आम्लाचा फरक. रक्तातील विषाणूंची मोजणी महाग म्हणून अनेक ठिकाणी केवळ सीडी-४ पेशींच्या संख्येवरून औषध लागू पडते की नाही हे ठरवत. चेन्नईच्या गटाने दाखवले की, पहिल्या फळीची उपचारपद्धती फसलेल्या रुग्णांत प्रतिकारक उत्परिवर्तने फार मोठ्या प्रमाणात साचलेली असतात, आणि त्यामुळे दुसऱ्या फळीतील औषधांचे पर्यायही आकसतात. गुलाबी बोंडअळीने बीटी प्रथिनाला दाद देणे थांबवले तेव्हा आपण जे अनुभवले त्याचेच हे रूप आहे : निवडीचा दाब कायम, तपासणी मात्र अधूनमधून. स्वस्त सीडी-४ मोजणीच्या पद्धती पडताळण्याचे कामही याच प्रयोगशाळेत झाले. प्रतिष्ठित नियतकालिकांना अशा कामाचे कौतुक कमी असते, जिल्हा रुग्णालयांना जास्त.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले नाहीत. स्त्रियांना स्वतः वापरता येईल अशा सेल्युलोज सल्फेट या संरक्षक जेलच्या आफ्रिका आणि भारतातील चाचणीत चेन्नईचा सहभाग होता. जेलमुळे संसर्ग घटण्याऐवजी वाढत असावा, अशी चिन्हे दिसल्याने जानेवारी २००७ मध्ये ती थांबवावी लागली. चेन्नईच्या दारू दुकानांत गिऱ्हाइकांतल्याच वजनदार माणसांकरवी प्रबोधन करण्याचा प्रयोग पाच देशांच्या मोठ्या चाचणीचा भाग होता. तोही तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. दोन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

याउलट २०११ मध्ये आलेला एक निष्कर्ष जगभर गाजला. नऊ देशांतील तेरा केंद्रांवर १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला, प्रत्येकात एक जण बाधित, दुसरा नाही. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केले तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे दिसले. जोडीदाराकडूनच आल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झालेले २८ संसर्ग आढळले, त्यांपैकी लवकर औषध दिलेल्या गटात फक्त एक. कोणाचा विषाणू कोणाकडून आला हे अक्षरे जुळवून पाहिल्याशिवाय हा आकडा सांगताच आला नसता. भारतातील दोन केंद्रे होती : पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईचे गायतोंडे केंद्र.

५२ लाख की २५ लाख?

सर्वेक्षण करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रसूतिपूर्व दवाखाने आणि गुप्तरोग केंद्रांतील नमुन्यांवरून भारतात सुमारे ५२ लाख बाधित असल्याचा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी निवडलेल्या व्यक्तींचे रक्त तपासले गेले, आणि २००७ मध्ये तो अंदाज सुमारे २५ लाखांवर आणावा लागला. विषाणू रातोरात निम्मा झाला नव्हता, नमुना बदलला होता. विषाणू आहे का हे शोधायचे तर जोखमीच्या जागीच शोधावे, सुनीतीबाईंनी तसेच केले. किती आहे हे सांगायचे तर मात्र यादृच्छिक नमुनाच हवा. प्रकाश सापळ्यातील पतंग मोजून एकरी प्रादुर्भाव सांगणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

दक्षिणेकडील राज्यांत साथ खरोखरच ओसरू लागली होती. १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांमधील संसर्गाचे प्रमाण २००० मधील १.७ टक्क्यांवरून २००४ मध्ये १.१ टक्क्यांवर आल्याचे 'लॅन्सेट'मधील २००६ च्या अभ्यासात दिसले. तमिळनाडूने १९९४ मध्येच राज्य एड्स नियंत्रण संस्था उभारली होती. जेथे विषाणू प्रथम सापडला तेथेच तयारीही आधी झाली.

डॉ. सुनीती सॉलोमन यांचे २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत कर्करोगाने निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. केंद्राचे काम चालू आहे. त्यांचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन हेही याच क्षेत्रातील साथरोगतज्ज्ञ आहेत.

निर्मला यांनी मार्च १९८७ मध्ये तमिळनाडूतील एड्स सर्वेक्षणावरील आपला प्रबंध सादर केला. त्यानंतर त्या गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मितीच्या कामाला लागल्या आणि २०१० मध्ये तेथून निवृत्त झाल्या. त्यांचे नाव दीर्घकाळ कोणाच्या फारसे स्मरणात नव्हते. शोधाला तीस वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, एका विदेशी वृत्तसंस्थेने त्यांना गाठले आणि घरच्या फ्रीजमधल्या रक्तजलाची हकीकत लोकांपुढे आली.